पूर आणि पुरे : काकांबरोबर पाच दिवस

काकांची अट एकच होती. गाडी मी चालवायची आणि बोलायचं त्यांनी. पाटबंधारे खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त होऊन त्यांना चौदा वर्षं झाली, पण धरणाचं नाव निघालं की अजून खिशातलं पेन आपोआप बाहेर येतं.

निमित्त माझंच होतं. पुण्यात आमचा एक वाचनगट आहे. महिन्यातल्या एका शनिवारी कोथरूडमधल्या कुणाच्या तरी घरी दहा-बारा जण जमतो. आर्थिक वाढ अशीच चालू राहू शकते का, पृथ्वीला झेपेल असा समाज कसा असेल, यावर दोन तास तावातावानं बोलतो आणि चहा-बाकरवडी झाली की आपापल्या गाड्यांनी घरी जातो. फोनवर काकांना हे सांगितलं, तर ते म्हणाले, "तुमचं ते भविष्य आमच्या जिल्ह्यात दोन-तीनदा येऊन गेलंय. बघायचं असेल तर पावसाच्या आधी ये."

पहिला दिवस : सातारा ते चाळकेवाडी

कासला गेलो नाही. मे महिन्यात तिथं फुलं नसतात, आणि फुलं असतात तेव्हा माणसं इतकी असतात की ऑनलाइन नोंदणी करून आत जावं लागतं. काका म्हणाले, "त्यापेक्षा सडा बघ, डोंगरमाथ्यावरचं खडकाळ पठार, उघडाबोडका." म्हणून सज्जनगड, ठोसेघर मागे टाकून चाळकेवाडीला चढलो.

वर पोचलो तर जांभा तापून लाल झाला होता, गवत वाळून पांढरं पडलं होतं आणि नजर जाईल तिथवर पवनचक्क्या होत्या. लांबून त्या ऐटबाज दिसतात. खाली उभं राहिलं की पात्याचा प्रत्येक फेरा पोटात घुमतो. मेंढरं घेऊन बसलेल्या एका बाबांना विचारलं, ही वीज जाते कुठं? ते म्हणाले, "दिवा लागतो तिकडं. घरघर ऱ्हाती हिकडं."

मला तिथं बघायचा होता एक सरडा. उन्हाळ्यात याचे नर दगडावर चढून गळ्याखालचा पंखा उघडतात. निळा, काळा, नारिंगी. अर्ध्या तासात आम्हाला सात दिसले. २०१६ मध्ये शास्त्रज्ञांनी या सड्यावरच्या सरड्याची वेगळी जात म्हणून नोंद केली, तेव्हा त्याच्या अख्ख्या वंशाला नाव दिलं 'सरडा' (Sarada), थेट आपला मराठी शब्द. पुढे २०१८ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी इथलाच अभ्यास छापला. पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपटीनं कमी, त्यामुळे सरडे भरमसाट. खाणारंच कुणी उरलं नाही, म्हणून ते निर्धास्त झाले आणि माणसाला जवळ येऊ देऊ लागले. दाटी झाल्यावर मात्र नरांच्या गळ्याचे रंगही फिके पडले.

काका म्हणाले, "म्हणजे सरड्याचं भलंच झालं की."

"घारी गेल्या म्हणून."

"कुणाचं तरी जातं तेव्हाच कुणाचं तरी भलं होतं, पोरी. धरणात पण हेच."

कोळशापेक्षा पवनचक्की हजार वाट्यानं बरी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण 'स्वच्छ ऊर्जा' हा शब्द मी आमच्या गटात फार सैलपणे वापरत आले, हे त्या सड्यावर उभं राहून लाजिरवाणं वाटलं. सड्यावर झाडं दिसत नाहीत म्हणून सरकारदरबारी त्याला 'पडीक' म्हणतात. ज्या जागेला आधीच पडीक ठरवलं, तिथं काहीही उभारलं तरी कुणाचं काही गेलं असं वाटतच नाही.

खाली उतरताना काकांनी कोयनेच्या दिशेला बोट केलं. त्या जलाशयाच्या काठाकाठानं नवं महाबळेश्वर आखलं जातंय, सुरुवातीच्या अधिसूचनेतच २३५ गावं. माधव गाडगीळ समितीनं २०११ मध्ये पश्चिम घाटाबद्दल सांगितलं होतं की काय करायचं, काय नाही, हे ग्रामसभांना विचारून ठरवा. जुनं महाबळेश्वर आधीच गाड्यांनी कोंडलंय, म्हणून आता नवं. असल्या युक्तिवादाला काय म्हणावं?

दुसरा दिवस : कोयनानगर, मान्याचीवाडी, कऱ्हाड

सकाळी उंब्रज-पाटण रस्त्यानं कोयनानगर. इथं काकांनी नोकरीची पहिली वर्षं काढली. नाश्त्याला मिसळ मागवली आणि ती येईपर्यंत वर्तमानपत्राच्या कडेला अख्खं धरण काढून झालं.

"१०५ टीएमसी साठा, म्हणजे १०५ अब्ज घनफूट. मूळची नदी जाते पूर्वेला, कऱ्हाडला कृष्णेला मिळते. आपण काय केलं? डोंगराला भोक पाडून त्यातलं साडेसदुसष्ट टीएमसी दरसाल पश्चिमेला सोडायची मुभा पाणीवाटपाच्या लवादाकडून घेतली. पोफळीला पडलं की वीज, मग वाशिष्ठी, मग समुद्र." सगळे टप्पे धरून १,९०० मेगावॅटच्या वर क्षमता. महाराष्ट्र उभा राहिला तो या विजेवर, हे काकांचं म्हणणं, आणि ते खोटं नाही.

मग त्यांनी पेनाचं टोक कागदावर उलट्या दिशेला नेलं. "आणि इकडं पूर्वेला माणदेश कोरडा. तिथं पाणी न्यायचं तर कृष्णेतून पंपानं उचलायला लागतं. पंपाला काय लागतं?"

"वीज."

"बघ आता. पाणी खाली टाकून वीज करायची आणि वीज लावून पाणी वर चढवायचं." आयुष्यभर खात्याची बाजू लढवलेला माणूस हे म्हणून मिसळीवर लिंबू पिळत बसला.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा काका चौदा वर्षांचे, कऱ्हाडच्या बोर्डिंगात होते. सव्वाचार वाजून गेले होते. खुंटीवरचे सदरे एका तालात हलत होते एवढं त्यांना आठवतं. कोयनेच्या खोऱ्यात पावणेदोनशेच्या वर माणसं गेली. जलाशयाच्या पाण्यामुळे भूकंप होऊ शकतो, याचं जगभरच्या पुस्तकांत दिलं जाणारं उदाहरण म्हणजे आमची कोयना. इथल्या भूकंपांचा अभ्यास करण्यासाठी खडकात तीन किलोमीटर खोल छिद्र पाडलंय, आणि त्याची प्रयोगशाळा कऱ्हाडजवळ आहे. धरण बांधून झाल्यावर साठ वर्षांनीसुद्धा आपण खाली काय चाललंय ते विचारतोच आहोत.

धरणापासून थोड्या अंतरावर मिरगाव. २०२१ च्या जुलैत महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस पडला, त्याच पावसात या तालुक्यात मिरगाव, ढोकावळे, आंबेघर इथं डोंगर घरांवर आला. आंबेघर म्हणजे आंब्यांच्या सावलीतलं घर असेल, असं मला लहानपणी वाटायचं. तिथं आम्ही गाडीतून उतरलो नाही. बघायला म्हणून जायची ती जागा नव्हे.

दुपारी मान्याचीवाडी. २०२४ मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम म्हणून हे गाव गाजलं. गाव एवढंसं. गल्ल्या इतक्या झाडलेल्या की चप्पल काढून चालावंसं वाटलं. प्रत्येक छपरावर निळसर पट्ट्या. एका घरात काकूंनी पाणी दिलं. त्या म्हणाल्या, "पयल्यांदा बिल आलं नाय तवा वाटलं मीटरच बंद पडला."

मी विचारलं, वाचलेल्या पैशांचं काय केलंत?

"फ्रीज घेतला की."

आमचा गट तिथं असता तर या उत्तरावर एक तास चर्चा झाली असती. वाचवलेली वीज पुन्हा नव्या वस्तूत कशी जाते, वगैरे. पण माझ्या घरी फ्रीज वीस वर्षं रात्रंदिवस चालू आहे. काकूंच्या फ्रीजमध्ये दूध होतं, आणि कोयनेची वीज मुंबईला निघून गेली तेव्हापासून त्यांच्या सासूबाई चिमणीच्या उजेडात भाकरी थापत होत्या. कमी वापरा, हे कुणाला सांगायचं आणि कुणाला नाही, हे ठरवल्याशिवाय तोंड उघडू नये.

गाव लहान, घरं थोडी, सरकारी मदत भरपूर, म्हणून जमलं, असं काका परत येताना म्हणाले. खरंय. मोठ्या गावाला हे असंच जमेल असं नाही. तरी छपरं डोळ्यांसमोरून जाईनात. रात्री कऱ्हाडला प्रीतिसंगमावर भेळ, आणि डास.

तिसरा दिवस : टेंभू आणि बलवडी

टेंभू हे गोपाळ गणेश आगरकरांचं जन्मगाव. आता त्या नावानं कुणाला आगरकर आठवत नाहीत, योजना आठवते. कृष्णेवरच्या बंधाऱ्यातून पाणी उचलून पाच टप्प्यांत चढवत खानापूर, आटपाडी, सांगोल्यापर्यंत न्यायचं. मूळ योजना २२ टीएमसीची. पंपांच्या विजेचं बिल एवढं येतं की आता ८१ टक्के सरकार भरतं आणि १९ टक्के शेतकरी. ते १९ टक्केसुद्धा थकतात, आणि मग ऐन उन्हाळ्यात पाण्यावरून आंदोलन, हे इथलं दरवर्षीचं वेळापत्रक.

कालव्याच्या कडेनं विट्याकडे निघालो. एका बाजूला कुसळं आणि दुसऱ्या बाजूला ऊस. काका गप्प होते. त्यांच्या उमेदीच्या वर्षांतलं स्वप्न होतं हे, दुष्काळी तालुक्यात पाणी. पाणी आलं. आलं आणि सरळ उसात गेलं.

मला खरं बघायचं होतं ते बलवडी. येरळा नदीच्या काठचं हे गाव, पलीकडे तांदुळवाडी. १९८२ च्या मुंबईच्या गिरणी संपात इथले कितीतरी कामगार गावाकडे परतले. आले ते दुष्काळात. नदी कोरडी, आणि तिच्यातली वाळू ठेकेदार ट्रक भरभरून नेत होते. मुक्ती संघर्ष चळवळ इथं उभी राहिली, भारत पाटणकर, संपतराव पवार हे तिच्यातले लोक. दुष्काळ का पडतो, हे त्यांनी आधी गावोगाव जाऊन लोकांनाच विचारलं. मग मागणी केली. वाळूचा उपसा थांबवा, आणि थोडी वाळू गावाला विकू द्या, त्या पैशांतून आम्ही धरण बांधतो. के. आर. दाते यांच्यासारखे अभियंते मदतीला आले, विद्यार्थी श्रमदानाला आले. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीला बळीराजा धरण उभं राहिलं.

धरण म्हणजे कोयना डोळ्यांसमोर आणू नका. लांबून बघितलं तर ओढ्यावरचा बंधारा वाटेल. काका त्याच्यावर उभे राहून सांध्यांवरून हात फिरवत होते. "काम चांगलंय," म्हणाले. खात्याबाहेरच्या कामाला त्यांनी चांगलं म्हटलेलं मी प्रथमच ऐकलं.

खरी गंमत सिमेंटमध्ये नाही, वाटपात आहे. आपल्याकडे पाणी जमिनीला मिळतं. ज्याची जमीन जास्त त्याला जास्त, ज्याची नाही त्याला काहीच नाही. इथं ठरलं, पाणी माणसांना. म्हणजे प्रत्येक कुटुंबाला सारखा वाटा, भूमिहीनालासुद्धा. त्यानं आपलं पाणी घेऊन दुसऱ्याच्या रानात वाट्यानं पिकवावं. आणि या पाण्यावर ऊस लावायचा नाही.

पारावर एक म्हातारे गृहस्थ भेटले. त्यांनी लालबागच्या गिरणीत साचा, म्हणजे माग, चालवला होता. मी विचारलं, ऊस नको, हे लोकांनी ऐकलं कसं?

"ऐकलं कुठं? भांडलो की. तीन-तीन रात्री बसलो. ज्याची हीर हुती त्यो म्हणायचा माझं पाणी. मग एका म्हातारीनं इचारलं, बाबा, तुज्या इहिरीत वरून पडतंय का खालून येतंय? वरून पडतंय तर आभाळ काय तुज्या बापाचं?"

"आणि आता?"

त्यांनी कालव्याकडे मान वळवली. "आता टेंभूचं पाणी आलं. पाणी आलं आन् हिशेब गेला. पुरतंय म्हणल्यावर मोजतंय कोण?"

मोजायचं कधी? कमी असतं तेव्हाच. आपण ज्याला आधुनिक म्हणतो तो समाज मोजायचं बंद करण्यावर उभा आहे. नळ सोडला की पाणी, बटण दाबलं की वीज. आणि आमच्या गटाला वाटतं की त्याला पर्याय म्हणून कुठूनतरी नवी कल्पना यायला हवी. इथं तीन रात्री भांडून लोकांनी ती काढली होती, आणि मुबलक पाणी आल्यावर घडी घालून ठेवून दिली. त्या बंधाऱ्यापाशी मला आपल्या भाषेची मजा वाटली. पूर आणि पुरे, फरक तो केवढासा.

चौथा दिवस : आटपाडी

टायर पंक्चर, ऊन बेचाळीस अंश, आणि स्टेपनीत हवा नाही. दोष माझा. एका ट्रॅक्टरवाल्यानं नेऊन हवा भरून आणली आणि पैसे घेतले नाहीत. उलट विचारलं, "पुण्याच्या का? मग आमचा भाऊ वळखत असाल, कोलकात्याला असतो." हे तर्कशास्त्र खास खानापूर-आटपाडीचं. इथली पोरं पिढ्यान्‌पिढ्या गलाईच्या धंद्यात, म्हणजे सोनं-चांदी आटवून शुद्ध करण्याच्या कामात, देशभर पांगली आहेत. माळावर पाऊस नाही म्हणून माणसं सोनं गाळायला गेली. त्यांनी पाठवलेल्या पैशातून बांधलेले तीन मजली बंगले, आणि दारात पाण्याचा टँकर.

१९९३ पासून आटपाडीत पाणी परिषदा भरत आल्या. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी त्यांच्या अग्रभागी होते. अण्णा वाळव्याचे, म्हणजे कृष्णाकाठचे, पाण्यात लोळणाऱ्या तालुक्याचे. त्यांनी दुष्काळी भागासाठी भांडावं, आणि नुसतं पाणी नको, समान पाणी हवं म्हणावं, हे मला या सगळ्या इतिहासातलं सर्वात अवघड वाटतं. आपल्या ताटातलं कमी होणार हे माहीत असताना मागितलेलं.

समान वाटपासाठी इथं बंद पाइपातून पाणी द्यायचा आग्रह धरला गेला. कालव्यात बाष्पीभवन, चोरी, पाझर. काकांनी यावर पाऊण तास सांगितलं, ते मी इथं देत नाही.

संध्याकाळी एका डाळिंबाच्या बागेत बसलो. मालकानं हौसेनं शेततळं दाखवलं, प्लॅस्टिक अंथरलेलं, निळंशार. पावसाचं पाणी साठवायला म्हणून ही योजना. त्यात पाणी कुठून येतं विचारल्यावर तो हसला आणि बोअरच्या पाइपाकडे बोट दाखवलं. जमिनीखाली सुरक्षित असलेलं पाणी वर काढून उन्हाला दाखवायचं. पण डाळिंब मात्र गोड होतं, तीन खाल्ली.

पाचवा दिवस : सागरेश्वर, कुंडल, सांगली, हरिपूर

सागरेश्वरला तासभरच. बोडक्या डोंगरावर धों. म. मोहिते यांनी लोकांना घेऊन झाडं लावली, आणि १९८५ मध्ये तिथं अभयारण्य जाहीर झालं. माणसानं उभं केलेलं जंगल. आता हरणं खालच्या शेतात उतरतात म्हणून शेतकरी वैतागलेत. सुखान्त गोष्टीला लगेच दुसरा भाग असतो.

कुंडलमध्ये अडकलो ते वरातीत. हे गाव प्रतिसरकारचं. १९४३ ते ४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटील, जी. डी. बापू लाड यांनी सातारा भागात इंग्रजांचं सरकार बाजूला सारून स्वतःचं चालवलं. गावच्या तंट्यांचा निवाडा गावात, दारूबंदी, सावकारीला चाप. आणि गांधी लग्नं. हुंडा नाही, मानपान नाही, खर्च नाही. ज्या मातीत हे घडलं तिथं पाऊण तास डीजेच्या भिंतीमागे गाडी बंद करून बसलो होतो. काच थरथरत होती. काका कानात बोटं घालून ओरडले, "कर्ज किती काढलं असेल गं?" नवरदेव बिचारा घोड्यावर घामानं निथळत होता. त्यालाही हे नको असेल, पण बंद कुणी करायचं?

पलूसच्या पुढे रस्त्याकडेला पांढरी रानं दिसतात. पहिल्यांदा बघणाऱ्याला मीठ सांडलंय असं वाटेल. ही क्षारपड जमीन. उसाला पाट भरून पाणी देत राहिलं, निचरा नाही, खालचे क्षार वर आले. कृष्णाकाठच्या काळ्या कसदार जमिनीचे हजारो एकर असे गेले. आता लाखो रुपये खर्चून जमिनीत छिद्रांचे पाइप गाडतात आणि तेच पाणी बाहेर काढतात. एकरी शंभर टन ऊस काढणाऱ्याचा फोटो जिथं फलकावर लागतो, त्याच गावच्या शिवारात ही रानं आहेत. काल पाणी नाही म्हणून ओसाड पाहिलं, आज पाणी झालं म्हणून. अंतर जेमतेम दोन तासांचं.

सांगलीत आयर्विन पुलावर थांबलो. १९२९ चा पूल. नदी खाली डबक्याएवढी. ४५ फूट ही इथली धोक्याची पातळी, २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. सांगलीत कुणालाही विचारा, बोट कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाकडे जाईल. त्यानंतर नेमलेल्या वडनेरे समितीनं मात्र खापर अलमट्टीवर फोडलं नाही. बेफाम पाऊस आणि नदीच्या पसरायच्या जागेत झालेली बांधकामं, यांवर तिचा रोख होता. अहवालाचं ते उत्तर कुणाला आवडत नाही, कारण त्यात आपलंच घर येतं. आमच्या आत्याचंही.

आत्या हरिपूरला राहते, कृष्णा-वारणेच्या संगमापाशी. हळदीची पेवं याच गावातली. जमिनीत खोल खड्डे, आत हळद भरून तोंड लिंपायचं. वीज नाही, यंत्र नाही, तरी हळद वर्षानुवर्षं टिकायची. २००५ च्या पुरात पाणी आत शिरलं आणि कित्येक पेवं गेली. शीतगृहाला पर्याय म्हणून मी पेवाबद्दल गटात कौतुकानं बोलले होते. आत्या म्हणाली, "चांगलंच हुतं. नदी जागेवर असंपर्यंत."

तिच्या सोप्याच्या भिंतीवर तीन रेघा आहेत. २००५, २०२१ आणि सर्वात वरची २०१९. गेल्या दिवाळीत घर रंगवलं तेव्हा रंगाऱ्याला सांगून तेवढा पट्टा सोडला. काका खुर्ची ओढून भिंतीपाशी गेले, खिशातलं पेन काढलं, रेघांमधली अंतरं वितीनं मोजली आणि काहीच न लिहिता पेन परत ठेवलं.

गच्चीवर कुरडया वाळत होत्या. पावसाआधीची सगळी वाळवणं झाली होती, पापड, सांडगे, शेवया, असे नऊ डबे. ते माळ्यावर चढवायचं काम माझ्याकडे आलं. मी स्टुलावर उभी राहून पहिला डबा मधल्या फळीवर ठेवला.

"तिथं नको," आत्या खालून म्हणाली. "रेघेच्या वर ठेव."